साठीवरच्या गटात दुसरा

यंदा मी चार शर्यतींत उतरलो आणि चारही वेळा पहिला आलो. कारंज्यात हे बहुतेकांना माहीत आहे. बसस्टँडच्या रस्त्याला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या वर माझ्या फोटोचा फलक लागला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'लोहपुरुष फय्याजचाचा' असं लिहिलं होतं. पंधरा दिवसांत वाऱ्याने तो फाडला, पण तोवर सगळ्यांचा वाचून झाला होता. आता त्या चार पहिल्या नंबरांची खरी हकीकत सांगतो.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, ओल्या अंगानेच सायकल मारायची आणि सायकल ठेवून पळत सुटायचं. आमच्या शर्यतींत साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल आणि पाच किलोमीटर पळणं असे. एवढा त्रास करून घ्यायला शिकलेली माणसं आपण होऊन फॉर्म भरतात, हे मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं. इथल्या एका बँकेतले अधिकारी रविकांत हे माझं गिऱ्हाईक. त्यांची सायकल माझ्या दुकानातल्या स्टुलापेक्षा हलकी. गिअर बसवून दिल्यावर मी ती तपासायला मानोऱ्याच्या रस्त्याने दामटून आणली, तेव्हा ते घड्याळ बघत उभे होते.

"चाचा, तुमचं वय काय?"

"बासष्ट. आधारकार्डावर."

"पोहता येते?"

"लहानपणी विहिरीत ढकललं होतं. तवापासून येते."

तिथून हे सुरू झालं. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितलंच होतं. मी थोडं जास्त चाललो, एवढंच.

पहिली शर्यत जानेवारीत नागपूरला होती. दोनशेच्या वर माणसं. मी पोहून निघालो तेव्हा पुष्कळ जण सायकलवरून परत येत होते, आणि मी पळून संपवलं तेव्हा मंडपवाले खुर्च्या एकावर एक रचत होते. मी केळं खात घरी यायच्या विचारात होतो, तोच माईकवरून माझं नाव आलं. 'साठ वर्षे व त्यावरील, पुरुष गट, प्रथम क्रमांक.' तीन पायऱ्यांच्या लाकडी घडवंचीवर मला मधल्या उंच पायरीवर चढवलं. दुसरी आणि तिसरी पायरी रिकामी. फोटोवाला म्हणाला, चाचा, थोडे इकडे सरका, रिकाम्या पायऱ्या फोटोत बऱ्या दिसत नाहीत.

घरी आल्यावर मेहरुन्निसाने पदक हातात घेऊन पाहिलं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. या बाईला एक प्रश्न पुरतो.

"कितने लोग थे?"

"दो सौ से ऊपर."

"तुम्हारे गट में?"

मी म्हणालो, आधी चहा दे. तिने चहा दिला आणि पुढे काही विचारलं नाही. तिने परत विचारलं असतं तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत अकोल्याला तेच झालं. ऑगस्टमध्ये अमरावतीला आयोजक हुशार निघाले. त्यांनी दुसऱ्या पायरीवर प्रमुख पाहुण्यांना उभं केलं आणि तिसऱ्या पायरीवर पाहुण्यांच्या ड्रायव्हरला. पेपरात फोटो आला. त्यात मी तिघांत पहिला दिसत होतो आणि ड्रायव्हर खरंच हरल्यासारखा दिसत होता. ते कात्रण शहबाजने प्लास्टिकमध्ये करून दुकानात लावलं. शहबाज म्हणजे शेजारचा टेलर, उत्साही माणूस. मी पंक्चर काढेपर्यंत गिऱ्हाइकं फोटो पाहात आणि म्हणत, "चाचा, दोघायले मांगं टाकलं म्हणजे गंमत नाई." मी चाक फिरवत बसे. नाही म्हणालो नाही. खोटं बोललो, असंही कुणाला म्हणता येणार नाही.

पण रात्री अंगाला तेल लावताना मेहरुन्निसा गप्प असायची, आणि तिचं गप्प असणं मला ऐकू यायचं. मला एक माणूस मागे टाकायचा होता. फक्त एक. साठीच्या वरचा, खरोखर शर्यतीत उतरलेला. म्हणजे तिच्यासमोर मी चहा न मागता उत्तर दिलं असतं.

ऑक्टोबरची शर्यत आमच्याच जिल्ह्यात, अडाणच्या धरणावर होती. रविकांत आयोजकांत होते. नियमांचा कागद मोबाईलवर आला. मी अक्षरं शिकलो ती पन्नाशीला टेकल्यावर, धाकट्या लेकीच्या, नमराच्या, शाळेच्या पुस्तकावरून. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसात एक खोड असते, तो सगळं वाचतो. दोनशे स्पर्धकांत तो कागद शेवटपर्यंत वाचणारा मी एकटाच असेन. चौदावा नियम असा होता की ज्या वयोगटात दोनपेक्षा कमी नावं येतील तो गट खालच्या गटात मिळवला जाईल. खालचा गट म्हणजे पन्नाशीचा. त्यात अमरावतीचे एक डॉक्टर आणि दोन फौजदार आहेत. मी सायकलवर असतो तेव्हा ते घरी जाऊन जेवलेले असतात.

तेव्हा मला साठीवरचा एक माणूस शोधायचा होता. तो पोहणारा हवा, म्हणजे बुडणार नाही. सायकल चालवणारा हवा, म्हणजे पडणार नाही. आणि माझ्या मागे राहणारा हवा.

एसटीतून निवृत्त झालेले हरीओम ड्रायव्हर म्हणाले, "पोहता येते, पण पाण्यात जाची इच्छा नाई." धम्मरत्न गुरुजी शाळेत कवायत शिकवायचे. वय चौसष्ट, पोट आत, रोज पहाटे सात किलोमीटर पळतात. त्यांना विचारलं असतं तर ते उड्या मारत आले असते. म्हणून त्यांना विचारलं नाही. त्या आठवड्यात ते दुकानावरून गेले की मी मान खाली घालून ट्यूबमध्ये भोक शोधत असे.

आणि मग धरमसिंग आला.

किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा बंजारा गडी. कारंज्याच्या बाजारात काही कामाने आला होता आणि सायकलची चेन उतरली म्हणून दुकानात शिरला. बावीस इंची जुनी काळी सायकल. चेन वाळवणासारखी कोरडी, मागच्या चाकात अर्धी हवा, रिम आऊट, बसता-उठता कुरकुर. मी पंचेचाळीस वर्षं सायकली पाहतो आहे. सायकलीवरून मला माणूस कळतो, असा माझा समज होता. मनात म्हटलं, जो आपल्या चेनीला तेल देत नाही त्याच्या अंगात किती दम असणार.

"वय काय भाऊ?"

"आधारवर एक जानेवारी बासष्ट हाये. खरं मायले ठाऊक, ते गेली."

माझीही तारीख एक जानेवारीच आहे. आमच्या वयाच्या निम्म्या जिल्ह्याची तीच आहे. साल तेवढं माझं एकाने कमी.

"पोहता येते का?"

"म्हशीचं शेपूट धरून जातो तळ्यात."

"आन् शेपूट सुटलं तं?"

"मंग म्हैस माह्या मांगं येते."

त्यावर मी हसलो. तेव्हाच विचार करायला हवा होता. त्याला शर्यतीचं समजावून सांगितलं. तो बिडी ओढत ऐकत होता.

"पाण्यातून निंगायचं, सायकल मारायची, मंग पळायचं. कायले?"

"कायले म्हणजे? शर्यत हाये."

"मांगं कोण लागते?"

"कोणी नाई लागत."

"पुढं काई भेटते?"

"पदक भेटते, टीशर्ट भेटते, केळी भेटतात. शेवटी पोहे."

"पोह्यात शेंगदाणे असतात का?"

"असतात."

"मंग येतो. पण मिस्त्री, हे तू मलेच काहून सांगून राह्यला? कारंज्यात काय मानसं सरली?"

मी म्हणालो की तुझ्यात मला दम दिसला. एवढं खोटं मी त्या वर्षात दुसरं बोललो नाही, आणि नेमकं तेच खरं निघालं.

फॉर्म मीच भरला. आता त्याची सायकल तशीच परत द्यायची, एवढं साधं काम होतं. चेन चढवून दिली असती तरी तो खूश होऊन गेला असता. पण बाजार आटोपून तो संध्याकाळी परत येईपर्यंत ती सायकल माझ्यासमोर उलटी पडून होती. तिची मागची रिम डावीकडे झुकत होती. आऊट असलेलं चाक माझ्या दुकानातून आजवर बाहेर गेलेलं नाही. आधी म्हटलं, तेवढी आऊट काढू. आऊट काढल्यावर बेअरिंगमधले छर्रे वाजत होते. छर्रे बदलल्यावर चेनीचा आवाज सहन होईना. दिवस मावळायच्या आत मी ती सायकल पूर्ण ओव्हरऑइल करून, दोन्ही चाकांत कडक हवा भरून भिंतीला लावली होती. शहबाज शिलाई मशीन थांबवून म्हणाला, "चाचा, ही तं नवी झाली. कोनाची?"

"दुश्मनाची," मी म्हणालो. तो हसला. मलाही तेव्हा ते गमतीचंच वाटलं.

धरमसिंगने एक फेरी मारून पाहिली आणि खाली उतरला. "मिस्त्री, सायकल आजारी पडली काय? आवाजच नाई देत." रात्रीच्या जेवणाला घरी पोचायचं म्हणून तो पायडल मारत निघाला. येताना तो त्याच कोरड्या चेनीवर, अर्ध्या हवेत, किन्हीराजाहून कारंज्यापर्यंत आला होता. चाळीसेक किलोमीटर. हा हिशोब माझ्या डोक्यात तो दिसेनासा झाल्यावर शिरला, आणि तिथेच मी स्टुलावर बसलो.

शर्यतीच्या दिवशी धरणाच्या काठावर आमच्या गटाला गुलाबी टोप्या दिल्या. दोनशे माणसांत गुलाबी टोप्या दोनच. घोट्याला एक पट्टा बांधतात, त्यात वेळ मोजणारं यंत्र असतं. शेवटच्या कमानीखाली रबरी चटई टाकलेली असते. तीवरून पाय गेला की वेळ नोंदली जाते.

"हे बेडी काहून बांधली?" धरमसिंगने विचारलं.

"वेळ मोजायले."

"माही वेळ यायले कायले पाह्यजे?"

शिट्टी झाली. मी हात मारत पुढे गेलो. सगळे डोकं पाण्यात घालून पोहत होते. धरमसिंग डोकं वर ठेवून, एका कुशीवर, जणू पलीकडच्या काठावर कुणाशी बोलायला निघालाय असा चालला होता. पाणी उडत नव्हतं. तो माझ्या आधी चार मिनिटं बाहेर आला.

पण सायकलींच्या जागी मी त्याला गाठलं. तो जमिनीवर बसून रुमालाने पायाची बोटं एकेक करून पुसत होता आणि तिथल्या कार्यकर्तीला काडीपेटी मागत होता.

"बाबा, इथे बिडी ओढता येत नाही."

"मंग इथं लोकं थांबतात कायले?"

मी सायकल काढून निघालो. मागे तो एकटाच माणूस, आणि तो माझ्या मागे होता. सात किलोमीटर तो मागे होता. आयुष्यात मी खूप सायकल चालवली, पण त्या सात किलोमीटरांसारखी नाही. दोन्ही बाजूला सोंगून पडलेलं सोयाबीन आणि मधून मी. मेहरुन्निसाला काय सांगायचं त्याची वाक्यंसुद्धा तयार झाली होती.

चढावर मला कशाची चाहूल लागली नाही. साधारणपणे मागून येणारी सायकल चेनीवरून कळते. ही कळली नाही. धरमसिंग बाजूला आला आणि बसल्या जागी, न उठता, पुढे गेला. चेन बोलत नव्हती. त्यातलं तेल माझंच होतं.

"मिस्त्री, राम राम," तो जाता जाता म्हणाला.

पळताना तो मला फक्त पाठमोरा दिसत राहिला आणि मग दिसेनासा झाला. अनवाणी, गुडघे वाकवून, खांद्यावर काही ओझं असल्यासारखा पळत होता. साडेतीन किलोमीटरवर माझ्या पोटरीत गोळा आला. मी मैलाच्या दगडावर बसलो. पाय चोळला, उठलो, चार पावलं टाकली, परत बसलो. दुसरा तर दुसरा, पण दुसरा येण्यासाठीसुद्धा पोचावं लागतं.

तेवढ्यात समोरून, म्हणजे जिकडे जायचं तिकडून, धरमसिंग येताना दिसला. गळ्यात पदक, हातात अर्धं केळं.

"तू इकडे कसा? संपलं नाई?"

"संपलं मघाच. तू दिसला नाई म्हून आलो. ऊठ."

"अरे, परत येत नसतात! ही शर्यत हाये."

"मंग?" त्याने मला बगलेत हात घालून उभं केलं. "ऊस तोडाले जातो ना आमी, तिथं ज्याची सरी आदी संपते तो मांगं राह्यलेल्याच्या सरीले दुसऱ्या टोकाकून भिडते. अर्ध्यात भेट होते. मंग दोघं संगं बांधावर बसतात. एकटा बसला तं टोळीत कोणी त्याच्याशी बोलत नाई."

"हा ऊस नाई बाप्पा."

"दिसते मले. ऊस असता तं तू इतका मांगं राह्यलाच नसता. मुकादमानं हाकलला असता तुले."

तीस वर्षं हा माणूस दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जातो आणि मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो. हे त्याने मला त्या दीड किलोमीटरात सांगितलं. मी दुकानात विचारलं असतं तर तिथेही सांगितलं असतं. मी सायकल पाहात बसलो होतो.

कमान आली. लोक टाळ्या वाजवत होते. चटई अरुंद होती. धरमसिंगने मला पुढे केलं, "तू हो पुढं, मी काय, मी जाऊन आलो." मी लंगडत चटईवरून गेलो. माझ्या मागून तो आला.

पडद्यावर निकाल झळकला. साठ वर्षे व त्यावरील. प्रथम, फय्याज. दोन तास अकरा मिनिटं चार सेकंद. द्वितीय, धरमसिंग. दोन तास अकरा मिनिटं सहा सेकंद. यंत्राने त्याची शेवटची वेळ धरली होती. पहिल्यांदा तो चटईवरून कधी गेला याची यंत्राला पर्वा नव्हती.

पंधराव्या नियमाप्रमाणे निकालावर हरकत अर्ध्या तासात घ्यायची असते. ती मी पहिली वीस मिनिटं घेतली नाही. ती वीस मिनिटं मी त्या पडद्यासमोर उभा होतो. माझ्या नावाखाली एक नाव होतं. वर्षभर तिथे काहीच नव्हतं.

मग मी टेबलाशी गेलो. रविकांत आनंदात होते.

"चाचा, दोन सेकंदांनी! काय चुरस झाली!"

"चुरस नाई झाली, साहेब. तो आदीच आल्ता. मले घ्यायले परत गेल्ता."

"मशीन खोटं बोलत नाही, चाचा."

"मशीन परत गेलं नव्हतं ना."

ते म्हणाले, ज्याचं नुकसान झालं त्यानेच लेखी हरकत घ्यायला हवी. मी धरमसिंगला शोधलं. तो पोह्यांच्या रांगेत दुसऱ्यांदा उभा होता.

"मी लिहून देतो, तू फक्त अंगठा दे."

"कायचा अंगठा?"

"तुहं नुकसान झालं म्हून."

"माहं काय नुकसान झालं? शेंगदाणे कमी हायेत, पण थे चालते." त्याने माझ्या हातातला कागद बाजूला सारला. "मिस्त्री, तू या वयात कायले कागद करून राह्यला? खाय."

आम्हाला पायऱ्यांवर चढवलं. मी मधे, तो डावीकडे, एक पायरी खाली. तो आनंदाने हसत होता. फोटोवाल्याने मला सरकायला सांगितलं नाही.

घरी मेहरुन्निसा दारातच उभी होती.

"इस बार कोई था?"

"था."

"उसको हराया?"

"हां," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी न मागता चहा आणला. तो चहा मला गेला नाही. साखर नव्हतीच, पण कडूही नव्हता. कसा होता ते सांगता येत नाही.

पुढल्या आठवड्यात गावाने मंगल कार्यालयात सत्कार ठेवला. अध्यक्ष धान्याचे अडते उदयसिंग ठाकूर. शाल झाली, नारळ झाला, फलक झाला. चार लोकांनी मला लोहपुरुष म्हटलं. बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, मेहरुन्निसा बसली होती. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी ठरवून सगळं सांगितलं. नागपूर, अकोला, अमरावती, तिन्ही ठिकाणी मी एकटाच होतो. पेपरातल्या फोटोत तिसरा होता तो ड्रायव्हर. अडाणला किन्हीराजाकडचा धरमसिंग माझ्या कितीतरी आधी पोचला, मला घ्यायला परत आला, म्हणून मी पहिला. मी कुणालाही हरवलेलं नाही.

मी माईक परत दिला. मग टाळ्या सुरू झाल्या. उदयसिंगजींनी उठून मला मिठी मारली आणि माईकमध्ये म्हणाले, "पाहा! चार वेळा पहिला आलेला माणूस म्हणतो मी कोणाले हरवलं नाई! याले म्हणतात नम्रपणा!" मागून शिट्ट्या आल्या. शहबाजने डोळे पुसले. मी पुन्हा माईक मागितला आणि म्हणालो की हा नम्रपणा नाही, हे असंच घडलं आहे. टाळ्या आणखी वाढल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'विजेत्याने श्रेय दिले प्रतिस्पर्ध्याला'.

त्या सबंध कार्यालयात टाळी न वाजवणारी एकच बाई होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "तो हारे?"

"हारे."

"पहले बोल देते," ती म्हणाली आणि भाकऱ्या टाकायला बसली. त्या रात्री ती बोलत होती. भावाच्या सुनेबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, पुष्कळ बोलली.

माझं एवढ्यावर भागायला हवं होतं. पण एक गोष्ट राहिली होती. यंत्र म्हणत होतं मी पहिला. मी म्हणत होतो मी हरलो. गाव म्हणत होतं मी नम्र. बाकीच्या तीन शर्यतींत तर मी कितवाही नव्हतो. एकटा माणूस कितवाही नसतो. सबंध वर्ष मी पोहलो, सायकल हाणली, पळालो, आणि कोणत्याही शर्यतीत माझा असा एक धड नंबर नव्हता.

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी मी सायकल काढली आणि तांडा गाठला. दुसऱ्या दिवशी टोळीचा ट्रक येणार होता. धरमसिंगची बायको ललिताबाई पोत्यात भांडी भरत होती.

"हे मिस्त्री का?" ती म्हणाली. "यायनं माह्या मानसाले पाण्यात उतरवलं, गुलाबी टोपी घातली आन् दुसरा केला?"

"त्याच्यासाठीच आलो वहिनी. परत लावायची हाये. आमी दोघंच."

"आता? भांडी कोण भरीन?"

धरमसिंग खाटेवरून उठला. "लावू ना. तळं हाये, रस्ता हाये. पोहे मातर नाई."

तळ्याच्या आडवं पोहायचं, फाट्यापर्यंत सायकल नेऊन आणायची आणि बांधाबांधाने पळत सेवालाल महाराजांच्या देवळापुढच्या पांढऱ्या झेंड्याशी यायचं, असं ठरलं. मी एकच अट घातली. मागे फिरायचं नाही. काहीही झालं तरी. मी पडलो, झोपलो, मेलो, तरी नाही.

त्याला ते पटेना. "पडला तं?"

"पडू दे."

"निसतं वळून पाह्यलं तं?"

"वळून बी पाह्यचं नाई. पाह्यलं की तू येशीन."

"हे मिस्त्री, हे कसं मांगून राह्यला तू," तो खरंच दुखावून म्हणाला. "अशी शर्यत आमच्यात कोणी लावत नाई." शेवटी त्याने ललिताबाईच्या गळ्याची शपथ घेतली. ती म्हणाली, "माह्या गळ्याची कायले? तुह्या घे."

तळ्यातून तो आधी निघाला. या वेळी बिडीला थांबला नाही. सायकलवर मी त्याला गाठू शकलो नाही. बांधावरून पळताना तुरीत नुसता त्याचा रुमाल हलताना दिसत होता, मग तोही दिसेना. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं, घोट्याला पट्टा नव्हता. एका शेतात बाया कापूस वेचत होत्या. त्यांतली एक ओरडली, "बाबा, कोन लागलं मांगं?" मी म्हणालो, "कोणी नाई, पुढं हाये." ती म्हणाली, "मंग जाऊ द्या ना!"

मी जाऊ दिलं नाही. पोटरी पुन्हा धरली. या वेळी बसलो नाही. लंगडत, चालत, पळत, जसं जमेल तसं आलो. बांध मला एकट्यालाच संपवायचा होता आणि तो मी संपवला.

झेंड्याशी धरमसिंग बसला होता. माझ्याकडे पाठ करून, तोंड देवळाच्या भिंतीकडे. ललिताबाई त्याच्यामागे हातात उलथनं घेऊन उभी होती.

"तीनदा उठले," ती मला म्हणाली. "तीनदा बसवलं. म्हणे, मिस्त्री दिसत नाई, मिस्त्री दिसत नाई. म्हटलं, दिसीन कसा, पाह्यचंच नाई ना तुले."

मी झेंड्याच्या खांबाला हात लावला. दम घेतला.

"वहिनी, मी कितवा?"

"दोघंच तं होते बाप्पा तुमी," ललिताबाई म्हणाली. "दुसरा. अजून कितवे राह्यसान?"

मी तिथेच मातीत बसलो. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मला नंबर दिला होता आणि तो माझा होता.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या धरमसिंगने विचारलं, "मिस्त्री, आता पाहू का?"

"पाह्य," मी म्हणालो.